ईसीजी नॉर्मल आहे, मग झालं काय?

छातीत धडधड, श्वास पुरेना, बोटांना मुंग्या, अंगाला दरदरून घाम आणि ‘आता मी वाचत नाही’ अशी खात्री. अशा अवस्थेत कॅज्युअल्टीत आणलेल्या माणसाचा ईसीजी नॉर्मल निघाला, रक्ताचा रिपोर्टही ठीक आला, तर त्याला पुढे काय सांगायचं? पॅनिक अटॅक हा शब्द आता कॉलेजच्या पोरांच्याही तोंडी असतो. पण तो शरीराला खरंच काही करतो का, यावर उपचार करणाऱ्यांचंच एकमत नाही. काहींच्या मते जिवाला धोका नाही हे पक्कं झालं की विषय मिटला. काहींच्या मते विषय तिथून सुरू होतो.

हा वाद मी दोघांच्या तोंडून मांडते आहे. दोघंही कल्पित आहेत, वाद खरा आहे. मामा कराडकडच्या एका तालुक्याच्या गावी फिजिशियन. आयुष्य कॅज्युअल्टीत आणि आयसीयूत गेलेलं, अजूनही आठवड्यातून दोन दिवस ओपीडी बघतात. मुक्ता त्यांची भाची, पुण्यात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. बोलण्याचा विषय आहे मुक्ताकडे आलेला ३६ वर्षांचा एक ट्रॅक्टर-ड्रायव्हर, तोही असाच कल्पित. उसाच्या हंगामात रात्री कारखान्याच्या वजनकाट्यापुढे ट्रॉली रांगेत लावून बसला असताना त्याला पहिला अटॅक आला. मग पुन्हा आला, पुन्हा आला. आता निरनिराळ्या दवाखान्यांतले ईसीजीचे कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तो फिरतो.

मामा : सगळे ईसीजी नॉर्मल. इकोही नॉर्मल. मग ‘तुला काही झालेलं नाही, टेन्शन घेऊ नकोस’ असं सांगितलं तर काय बिघडलं?

मुक्ता : ते खरं नाही, हेच बिघडलं. हार्ट अटॅक आला नव्हता, एवढंच खरं. पण काही झालंच नाही कसं? धोक्याचा इशारा मेंदूतून निघाला, मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींनी रक्तात अ‍ॅड्रेनालिन सोडलं, ठोके वाढले, रक्तदाब चढला, पोटाकडचं रक्त स्नायूंकडे वळलं म्हणून मळमळलं, घाम फुटला. हे सगळं त्याच्या शरीरात घडलंय. आणि त्याला आपण सांगतो, काही झालं नाही. तो मनात म्हणतो, या डॉक्टरला काही कळलेलं नाही. की चालला पुढच्या दवाखान्यात.

मामा : अगं, एवढं तर धावत एसटी पकडणाऱ्याच्या शरीरातही घडतं. टीएमटीला आम्ही काय करतो? पट्ट्यावर चालवून त्याचे ठोके मुद्दाम वाढवतो. २२०मधून वय वजा करायचं आणि आलेल्या आकड्याच्या ८५ टक्क्यांपर्यंत न्यायचं. छत्तिशीतल्या माणसाचे ते मिनिटाला १५६च्या आसपास येतात. पॅनिकमध्ये ठोके सहसा तिथवर जातही नाहीत. निरोगी हृदय याने फुटत नाही की बंद पडत नाही. हे त्याला ठामपणे सांगायला नको?

मुक्ता : सांगायलाच हवं. पण तुम्ही आत्ता जसं सांगितलंत, आकड्यांसकट, तसं. ‘टेन्शन घेऊ नकोस’ यात त्यातलं काहीच त्याच्यापर्यंत पोचत नाही.

मामा : कॅज्युअल्टीत बाहेर अपघाताचा पेशंट विव्हळत असतो. कोण सांगत बसणार?

मुक्ता : दोन मिनिटं लागतात, मामा. नुसतं श्वासाचं सांगितलं तरी पुरे. श्वास पुरत नाही म्हणून तो भराभर, खोल श्वास घेत राहतो. ऑक्सिमीटर लावलं तर आकडा ९८, ९९. म्हणजे ऑक्सिजन भरपूर आहे. कमी पडलाय तो कार्बन डायऑक्साइड.

मामा : बरोबर. धमनीतल्या रक्तात त्याचा दाब ३५ ते ४५ मिलिमीटर असतो. भराभर श्वासाने तो उतरतो. रक्त अल्कलीकडे झुकतं, मोकळं कॅल्शियम कमी होतं, नसा चाळवतात. ओठांभोवती मुंग्या येतात. जास्त झालं तर बोटं आखडून हात वाकडा होतो. नातेवाइकांना वाटतं लकवा मारला. नाहीतर बाहेरचं काही लागलं म्हणून लिंबू उतरवत बसतात.

मुक्ता : आणि मेंदूकडच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, म्हणून चक्कर येते, आजूबाजूचं सगळं खोटं-खोटं वाटतं. बरगड्यांमधले स्नायू थकतात, म्हणून छाती खरोखर दुखते. ते दुखणं काही त्याने मनाने रचलेलं नाही. मग घाबरून तो आणखी खोल श्वास घेतो आणि सगळंच वाढतं. हे एकदा नीट कळलं की पुढच्या वेळी त्याच मुंग्यांचा अर्थ त्याला वेगळा लागतो. ऑक्सफर्डच्या डेव्हिड क्लार्कने १९८६मध्ये हेच मांडलं होतं. शरीरात काहीतरी जाणवतं, माणूस त्याचा अर्थ ‘मी मरतोय’ असा लावतो, त्या अर्थाने भीती वाढते, भीतीने ती जाणीव वाढते.

मामा : फक्त त्याला तोंडाला कागदी पिशवी लावायला शिकवू नकोस. सिनेमात बघून लोक करतात. खरोखर हृदयाचा किंवा फुप्फुसाचा आजार असलेल्यांना अशी पिशवी लावली आणि ते दगावले, अशा नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत.

मुक्ता : नाही शिकवत. श्वास सोडायला घेण्यापेक्षा जास्त वेळ लावायचा, एवढंच सांगते. आणि तेही सारखं करायचं नाही, नाहीतर त्याचाच मंत्र होऊन बसतो.

इथे मला थोडं थांबावंसं वाटतं. हा आजार मनाचा की शरीराचा, हा झगडा फार जुना आहे. १८७१मध्ये फिलाडेल्फियाच्या जेकब दा कोस्टा या डॉक्टरने अमेरिकी यादवी युद्धातल्या शेकडो सैनिकांबद्दल लिहिलं. धडधड, छातीत कळ, धाप अशा त्यांच्या तक्रारी होत्या. त्याने या दुखण्याला चिडखोर हृदय म्हटलं. पहिल्या महायुद्धात तेच ‘सैनिकाचं हृदय’ झालं. पॅनिक डिसऑर्डर हे नाव अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत १९८०मध्ये आलं. म्हणजे शंभरेक वर्षं हे रुग्ण हृदयवाल्यांच्या दारात होते, मग मनवाल्यांच्या दारात गेले.

त्यातच २०१३मध्ये एक विलक्षण प्रयोग प्रसिद्ध झाला. भीतीचं केंद्र मानल्या जाणाऱ्या अ‍ॅमिग्डाला या मेंदूच्या भागाची दोन्ही बाजूंना हानी झालेल्या तीन स्त्रिया त्यात होत्या. त्यातली एक तर सापाला किंवा भीतिदायक सिनेमाला न घाबरण्याबद्दल संशोधकांत प्रसिद्ध. तिघींना ३५ टक्के कार्बन डायऑक्साइड मिसळलेली हवा एकदा हुंगायला दिली आणि तिघींनाही पॅनिक अटॅक आला. बाहेरच्या कशालाही न घाबरणारी बाई आपल्याच रक्तातल्या बदलाने गुदमरून घाबरली. हे कळल्यावर एखाद्या रुग्णाला ‘तुझ्या मनाचे खेळ आहेत’ असं म्हणण्याचा हक्क आपल्याला उरतो असं मला वाटत नाही.

मामांची खरी हरकत मात्र दुसरीच आहे आणि ती हलकी नाही.

मामा : तुम्ही लोक एकदा पॅनिकचा शिक्का मारला की पुढचं सगळं त्याच्याच खाती टाकता, याची मला धास्ती वाटते. पीएसव्हीटी माहीत आहे ना? हृदयातल्या विजेच्या जादा वाटेमुळे ठोके एकदम १८०-२००वर जातात आणि तसेच एकदम उतरतात. पेशंट दवाखान्यात पोचेपर्यंत ईसीजी नॉर्मल. १९९७मध्ये अशा १०७ रुग्णांचा एक अभ्यास अमेरिकेत झाला. त्यांतले ६७ टक्के पॅनिक डिसऑर्डरच्या निकषांत चपखल बसत होते. ज्यांचं निदान सुरुवातीला हुकलं होतं त्यांतल्या निम्म्याहून अधिक जणांची लक्षणं डॉक्टरांनी ताण, घबराट अशा खाती टाकली होती, आणि त्यात बायकांवर हा शिक्का जास्त बसत होता. त्यातल्या पुष्कळांचा आजार एका प्रोसिजरने कायमचा बरा होतो, पोरी. त्यांना तू खुर्चीत बसवून भीतीबद्दल बोलत बसशील.

मुक्ता : हा मुद्दा मला शंभर टक्के मान्य आहे.

मामा : अजून आहे. थायरॉइड वाढलेलं असतं. हिमोग्लोबिन सहावर आलेलं असतं. मधुमेहाच्या गोळ्यांनी साखर उतरलेली असते. दमा असतो. पायातली रक्ताची गाठ सुटून फुप्फुसात अडकलेली असते. आणि बायकांचा, मधुमेह्यांचा हार्ट अटॅक पुस्तकात लिहिल्यासारखा येत नाही. नुसती धाप, मळमळ, अस्वस्थपणा. अशा बाईला ‘गॅस आहे, टेन्शन आहे’ म्हणून घरी पाठवलं तर पुढे काय होतं ते आयसीयूत आम्ही बघतो. पहिल्यांदा असा त्रास झाला की आधी ईसीजी, गरज पडली तर ट्रोपोनिनची रक्ततपासणी, तीही काही तासांनी पुन्हा. घरी बसून ‘हे पॅनिकच’ असं कुणी ठरवायचं नाही.

मुक्ता : पहिल्या वेळेबद्दल आपला वादच नाही. माझा प्रश्न सहाव्या, सातव्या वेळेचा आहे. माँट्रियलच्या हृदयरोग संस्थेत छातीत दुखतं म्हणून इमर्जन्सीत आलेल्या ओळीने ४४१ जणांची मुलाखत घेतली होती. १९९६ची गोष्ट. सुमारे २५ टक्के लोकांना पॅनिक डिसऑर्डर होता. आणि त्यातल्या ९८ टक्क्यांच्या बाबतीत हृदयरोगतज्ज्ञांच्या ते लक्षातच आलं नव्हतं. तुमची धास्ती शिक्का मारण्याची आहे, मामा. इथे तर उलटं झालंय, कुणी नावच दिलेलं नाही.

मामा : त्याच अभ्यासातला पुढचा आकडा सांग की. त्या पॅनिकवाल्यांतल्या ४४ टक्क्यांना आधीपासून हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार होता. म्हणजे दोन्ही एकाच माणसात असू शकतं. मी ‘आधी हृदय’ म्हणतो ते उगाच नाही.

मुक्ता : आणि मी ‘दोन्ही बघा’ म्हणते तेही उगाच नाही. ज्याच्या रक्तवाहिन्या आधीच अरुंद आहेत, त्याला पॅनिक फुकट जात नाही. ठोके आणि रक्तदाब वाढला की हृदयाची ऑक्सिजनची गरज वाढते, आणि भराभर श्वासाने काहींच्या हृदयाच्या धमन्या आकसतात.

मामा : हो, आकसतात. धमनी आकसण्याचा आजार शोधायला पेशंटला मुद्दाम जोरजोरात श्वास घ्यायला लावायची एक तपासणीच आहे.

मुक्ता : मग ‘पॅनिकने काही होत नाही’ हे वाक्य सगळ्यांना सरसकट कसं लागू होईल? अमेरिकेत ५१ ते ८३ वयाच्या ३,३६९ स्त्रियांचा सुमारे पाच वर्षं पाठपुरावा केला होता. पाळी गेलेल्या, तशा धडधाकट बायका. आदल्या सहा महिन्यांत पूर्ण पॅनिक अटॅक येऊन गेला होता त्यांच्यात हृदयविकाराच्या घटनांचं प्रमाण इतरांच्या चौपट निघालं. वजन, सिगारेट, रक्तदाब, नैराश्य, सगळं हिशेबात धरून.

मामा : २००७चा ना? वाचलाय. पण त्यावरून ‘पॅनिकमुळे हृदयविकार झाला’ असं म्हणता येत नाही. हृदयविकाराचीच सुरुवात असेल आणि तिला आपण पॅनिक समजलो असू. साठीतल्या बाईला धाप, धडधड, घाम, याचा अर्थ काय? आधी कुठलं आणि नंतर कुठलं, हे असल्या अभ्यासातून कळत नाही.

मुक्ता : कळत नाही, हे खरं. त्या संशोधकांनाही तो प्रश्न सुटलेला नव्हता. म्हणून मी माझ्या ड्रायव्हरला हा आकडा सांगणारही नाही. तो काही साठीतली बाई नाही, आणि ‘चौपट’ ऐकून त्याला तिथल्या तिथे अटॅक येईल. त्याच्या शरीराचं नुकसान मला दुसरीकडेच दिसतं. अटॅक दहा-वीस मिनिटांचा. उरलेल्या वेळात तो कसा जगतो ते बघा. जिना चढला की धडधडतं, म्हणून जिना सोडला. शेतावर चालत जाणं सोडलं, वाटेत काही झालं तर? रात्रीच्या खेपा सोडल्या, मिळकत निम्मी झाली. झोपेतून दचकून उठतो आणि छाती धडधडत असते, म्हणून रात्रीची धास्ती. मग दोन-दोनपर्यंत मोबाइल. तंबाखू दुप्पट झालीय, ती खाल्ली की बरं वाटतं म्हणतो.

मामा : बरं कसलं वाटतंय? निकोटिननेच ठोके वाढतात.

मुक्ता : त्यात कुणीतरी घबराट शमवायला अल्प्राझोलाम दिलंय. चिठ्ठी एकदाच लिहिली होती, गोळी अजून चालूच आहे. मेडिकलवाला ओळखीचा.

मामा : हा मूर्खपणा आहे. ती गोळी थोड्या दिवसांसाठी, डॉक्टरच्या नजरेखाली. सवय लागते, मात्रा वाढत जाते, आणि एकदम बंद केली तर घबराट दुपटीने उसळते, कधी फिट येते. हळूहळू उतरवावी लागेल. आणि ती घेऊन हा ट्रॅक्टर चालवतो?

मुक्ता : चालवतो. म्हणून मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलंय. त्या एसएसआरआय गटातलं औषध कमी मात्रेने सुरू करतील. सवय लावणारं नाही, पण गुण यायला काही आठवडे जातात आणि सुरुवातीला काहींना उलट थोडं चुळबुळल्यासारखं होतं. हे आधी सांगितलं नाही तर तो चौथ्या दिवशी औषध फेकेल. आता तुम्हीच सांगा. चालणं बंद, झोप नाही, तंबाखू दुप्पट, वजन वाढतंय. आणखी पंधरा वर्षांनी हा खराखुरा हृदयरोगी होऊन तुमच्याकडे आला, तर तेव्हा ‘पॅनिकने शरीराला काही होत नाही’ म्हणाल?

मामा : (जरा वेळ गप्प राहून) त्या वाटेने होतं. हे मी नाकारत नाही.

माझ्या मते सगळ्या वादातली कळीची जागा हीच. अटॅक शरीराचं जे करतो ते बहुतेक वेळा काही मिनिटांत निवळतं. अटॅक पुन्हा येईल म्हणून माणूस जे जे सोडतो, ते निवळत नाही. तिकडे लक्ष द्यायला मात्र इमर्जन्सीत कुणाला सवड नसते आणि घरातल्यांना ते आजारपण वाटतच नाही, आळस वाटतो.

मामा : मग तू करणार काय?

मुक्ता : त्याला धडधड आणणार.

मामा : म्हणजे?

मुक्ता : जागच्या जागी पळायला लावायचं. फिरत्या खुर्चीत गोल फिरवून चक्कर आणायची. बारीक स्ट्रॉमधून श्वास घ्यायला लावून गुदमरल्यासारखं करायचं. ज्या जाणिवांना तो घाबरतो त्या माझ्यासमोर, थोड्या-थोड्या, पुन्हा-पुन्हा आणायच्या. मग त्या आपोआप कशा उतरतात हे त्याचं शरीरच त्याला शिकवतं. पॅनिकच्या उपचारातला हा नेहमीचा भाग आहे.

मामा : आणि आत खरंच ब्लॉकेज असलं तर? तंबाखू खाणारा माणूस, छत्तीस वर्षांचा. आपल्याकडे चाळिशीच्या आत अटॅक येतात, मुक्ता. त्याच्या हृदयाची खात्री केल्याशिवाय तू त्याला पळवायचं नाहीस. यात मी ऐकणार नाही.

मुक्ता : त्याची टीएमटी झालेली नाही. नुसते ईसीजी आणि इको.

मामा : एवढ्या कागदांत टीएमटी नाही? मग पाठव माझ्याकडे. टीएमटी करू, थायरॉइड-हिमोग्लोबिन बघू. ठोके एकदम लागतात आणि एकदम उतरतात असं सांगत असेल, तर चोवीस तास ठोके नोंदवणारा होल्टरही लावू. एकदाच, पण नीट. मग पुढे सारखे ईसीजी नकोत, हे मी स्वतः त्याला सांगेन.

मुक्ता : टीएमटी नॉर्मल आली ना, मामा, तर तो माझ्या उपचाराचा पहिला दिवस धरते. पट्ट्यावर त्याचे ठोके दीडशेला जातील, घाम येईल, धाप लागेल. ज्याला तो इतके महिने मृत्यू समजत आला ते सगळं, आणि शेजारी तुम्ही उभे.

मामा : हे बरंय. रिपोर्ट हातात देऊन मोकळं व्हायच्या ऐवजी तिथेच दाखवायचं.

मुक्ता : पुढे त्याला रोज चालायला लावायचंय, हळूहळू वेग वाढवत. जर्मनीत १९९८मध्ये पॅनिकच्या रुग्णांचे तीन गट केले होते. एकाला पळण्याचा व्यायाम, एकाला क्लोमिप्रामिन हे औषध, एकाला नुसती दिखाऊ गोळी. दहा आठवड्यांनी औषधाचा गुण सगळ्यांत जास्त आणि लवकर आला, पण व्यायामही दिखाऊ गोळीच्या बराच पुढे होता.

मामा : पण एक अट. ‘पुन्हा दवाखान्यात येऊ नकोस’ असं मी त्याला लिहून देणार नाही. चालताना, ओझं उचलताना छाती दुखली आणि थांबल्यावर थांबली, तर यायचं. कळ जबड्यात, हातात गेली, शुद्ध हरपली, वीस मिनिटं झाली तरी दुखणं उतरेना, तर यायचं.

मुक्ता : पॅनिकचा माणूस यातलं प्रत्येक लक्षण स्वतःवर लावून बघतो. तुमची यादी वाचूनच त्याचा जबडा दुखायला लागेल.

मामा : लागू दे. त्यापायी दहा वेळा उगाच आला तरी चालेल. अकराव्या वेळी घरी थांबला आणि ते खरं निघालं, तर मला चालणार नाही.

मुक्ता : दहा वेळा उगाच येण्याची किंमत तुम्हाला दिसत नाही, कारण ती तुमच्या वॉर्डात मोजली जात नाही. प्रत्येक खेपेला भाड्याची गाडी, तपासणीचे पैसे, बुडालेला दिवस. आणि ‘या वेळी वेळेत पोचलो म्हणून वाचलो’ हा समज आणखी घट्ट. यादी द्या, पण शेजारी हेही लिहा की पॅनिक दहाएक मिनिटांत शिगेला पोचतो आणि मग ओसरायला लागतो, आणि रक्तदाब चढलेला असल्यामुळे त्यात सहसा माणूस बेशुद्ध पडत नाही. नुसता इशारा लिहिलेला कागद मी त्याच्या हातात जाऊ देणार नाही.

मामा : बरं, दोन्ही लिहू. खाली तुझ्या मानसोपचारतज्ज्ञांची पुढची तारीख टाक.

मुक्ता : आणि टेली-मानस हेल्पलाइनचा नंबर, १४४१६. रात्री-अपरात्री मराठीत बोलणारं कुणीतरी मिळतं, पैसे पडत नाहीत. रात्री दोनला तो मला फोन करू शकत नाही आणि तुम्ही तर उचलणार नाही.

मामा : त्याच्या बायकोलाही आण. दर वेळी गाडी तीच बोलावते ना? आणि दृष्टही तीच काढत असेल.

मुक्ता : काढते, काढू दे. येईल ती. पण तिच्यासमोर ‘काही झालेलं नाही’ म्हणायचं नाही.

मामा : मग काय म्हणू?

मुक्ता : ठोके कितीवर गेले तो आकडा तिला दाखवा. आणि पट्टा थांबल्यावर ते किती मिनिटांत खाली आले, ते तिलाच घड्याळ लावून मोजायला सांगा.